रिकामी ठेवलेली जागा

रस्त्याचं काम सुरू असलं की मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर रिकाम्या रस्त्याचा. खणलेला भाग अडवलाय, ते समजू शकतं. रोलर फिरतोय, तेही समजतं. पण केशरी शंकूंची रांग लागते, दोन लेनची एक होते, आपण ब्रेक मारत, कुणाला तरी आत घेत, कुणाच्या तरी मागे रखडत पुढे सरकतो आणि शंकूंच्या पलीकडे बघतो तर चांगला गुळगुळीत रस्ता मोकळा पडलेला. माणूस नाही, यंत्र नाही, खडीचा ढीगसुद्धा नाही. खरं काम त्याच्याही पुढे, शंभरेक मीटरवर कुठेतरी. "एवढा रस्ता उगाच अडवून ठेवलाय," हे वाक्य मी गाडीत शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवलेलं आहे.

एका संध्याकाळी मी त्या रिकाम्या जागेत गाडी घातली.

दिवस मावळतीला आला होता. अडीच तास मोठ्या रस्त्यावर सलग गाडी चालवून झाली होती. 'पुढे काम सुरू आहे' हा फलक मी वाचला होता, वेगमर्यादेचाही वाचला होता, आणि आपण वेग कमी केलाय अशी माझी समजूत होती. पुढे लांबवर एक अजस्र यंत्र डांबराचा जुना थर खरवडून पट्ट्यावरून ट्रकमध्ये टाकत होतं. धूळ, फिरते पिवळे दिवे, वरून कोसळणारा डांबराचा चुरा. मी बघतच राहिले. नजर जिकडे जाते तिकडे हात जातात, हे गाडी शिकताना पहिल्याच आठवड्यात ऐकलेलं. धप्प, धप्प, धप्प असे तीन आवाज आले आणि मी करकचून ब्रेक दाबला.

गाडी थांबली ती त्या मोकळ्या लेनमध्ये. समोर एक माणूस गुडघे टेकून, माझ्याकडे पाठ करून, रस्त्यातल्या भेगेत गरम डांबर सोडत होता. बारीक चोचीचं, झारीसारखं भांडं. त्यातून पडणारी बोटाएवढी काळी धार. ती भेगेबाहेर पसरू नये म्हणून दुसऱ्या हातात धरलेली एक पट्टी. यंत्राच्या आवाजात त्याला काहीही ऐकू गेलं नव्हतं. त्याने मान वळवली नाही. धार तुटली नाही.

बावटा घेऊन उभा असलेला माणूस धावत आला. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. "ताई, लागलं नाही ना?" हे त्याचं पहिलं वाक्य. मी मान हलवली. त्याने वाकून गाडीखाली अडकलेला एक शंकू ओढून काढला, उरलेले दोन मी उचलून आणले. ते जागेवर ठेवताना तो दर वेळी दोन पावलं मागे सरून रांगेवरून नजर फिरवायचा, एखादा बोटभर सरकवायचा, परत बघायचा. मला काय बोलावं सुचेना. "काका, माझं चुकलं," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "चुकतं माणसाचं. म्हणून तर एवढी जागा सोडतो."

गाडीच्या नाकापासून त्या गुडघे टेकलेल्या माणसापर्यंतची पावलं मी नजरेनेच मोजली. चाळीसेक भरली असती.

त्यानंतर कितीतरी दिवस ती धार माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मिळेल ते वाचून काढलं, रस्त्याच्या कामावर असणाऱ्यांशी बोलले, आणि ज्या जागेचा मला एवढा राग होता तिचा सगळा हिशेब मला हळूहळू कळत गेला. त्या मोकळ्या तुकड्याला बफर म्हणतात. रस्त्यावरच्या खुणा आणि फलकांसाठी अमेरिकेत जी राष्ट्रीय नियमपुस्तिका आहे, एमयूटीसीडी, तिच्यात या तुकड्याबद्दल स्वच्छ लिहिलंय: इथे काम करू नये, यंत्र, गाडी किंवा सामान ठेवू नये. तो रिकामा असणं हेच त्याचं काम. आणि त्याची लांबी कुणाच्या मर्जीवर ठरत नाही, गाडी थांबायला लागणाऱ्या अंतरावरून ती काढतात. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसाठी हे अंतर साधारण १३० मीटर धरलं जातं, ६० साठी ८५ आणि ४० साठी ५०.

या आकड्यांच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती वाचून मला भरून आलं. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत माणसाला अडीच सेकंद लागतील, असं धरलेलं आहे. ताजातवाना, सावध चालक दीड सेकंदातही पाय उचलेल. पण रस्ता आखणाऱ्यांनी हिशेब धरलाय तो थकलेल्या, बावरलेल्या, मागच्या सीटवरच्या मुलाकडे क्षणभर वळून बघणाऱ्या माणसाचा. ताशी ८० ला त्या अडीच सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. मी जिला उगाच अडवलेली जागा म्हणत आले, ती माझ्यासारखीच्या चुकीसाठी राखून ठेवलेली होती. कुणीतरी कागदावर बसून माझी चूक आधीच मोजली होती आणि तिला पुरेल एवढा रस्ता बाजूला काढून ठेवला होता.

या दृष्टीने बघायला लागलं की शंकूसुद्धा वेगळा दिसतो. सगळे त्याला नुसतं 'कोन' म्हणतात. हा शंकू काढला चार्ल्स स्कॅनलन या माणसाने. तो लॉस एंजेलिसमध्ये रस्ते रंगवण्याच्या खात्यात कामाला होता, आणि त्याला १९४३ मध्ये या शंकूचं पेटंट मिळालं. त्याआधी लाकडी अडसर वापरत. ते सहज मोडत, आणि मोडताना गाडीचंही नुकसान करत. स्कॅनलनचा शंकू धक्का बसला की झुकतो, आणि वजनदार बुडामुळे जमलं तर परत उभा राहतो. माझ्या गाडीवर त्या संध्याकाळी ओरखडासुद्धा उठला नव्हता, तो यामुळेच. पण याचा दुसरा अर्थ असा की शंकू कुणालाही अडवू शकत नाही. थोड्याशा किलोंची, आतून पोकळ वस्तू ती. हजार-बाराशे किलोंच्या गाडीपुढे तिचं काय चालणार? शंकू फक्त सांगतो. ऐकणं आपल्याकडे. आणि नाही ऐकलं, तर शंकू आणि माणूस यांच्यामध्ये उरते ती फक्त ती रिकामी जागा.

(काही ठिकाणी कामाच्या मागे एक जड ट्रक उभा असतो, त्याच्या पाठीला मोठ्या पेटीसारखी उशी लावलेली. गाडी येऊन आदळलीच तर ती उशी चुरगळत जाते आणि धक्का पोटात घेते. असा ट्रक दिसला की ओळखावं, पुढे माणसं पायी आहेत.)

कामाच्या पट्ट्याला ठरलेला क्रम असतो. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेतही तो आहे: आधी सूचना देणारा भाग, मग वाहतूक हळूहळू बाजूला वळवणारा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी परत मूळ वाटेवर आणणारा. यातल्या दुसऱ्या भागाबद्दल मला थोडं रेंगाळून सांगायचंय, कारण आपल्यापैकी बहुतेकांची चूक तिथे होते. शंकूंची ती तिरकी रांग. ती कितीही लांब लावून चालत नाही, आणि आखूड तर अजिबातच चालत नाही. साडेतीन मीटर रुंदीची एक लेन बंद करायची असेल, तर ताशी ४० च्या वाहतुकीसाठी ती तिरकी रांग साधारण ३६ मीटरची, ६० साठी ८० मीटरची आणि ८० साठी पावणेदोनशे मीटरची लागते, असं अमेरिकेतल्या सूत्रावरून निघतं. म्हणजे रांग लावणाऱ्याने शंकू मांडतानाच मनाशी एक वेग धरलेला असतो. फलकावर तो लिहिलेलाही असतो. त्याने ४० धरून शंकू मांडले आणि आपण ८० ने आलो, तर आपल्याला हवं असलेलं वळायचं अंतर तिथे अस्तित्वातच नसतं. कितीही हुकमी हात असला तरी नसलेला रस्ता कुठून आणणार?

म्हणून मी आता वेगाच्या बाबतीत स्वतःच्या अंदाजावर विसंबत नाही. मीटरवर बघते. हे सांगायला साधं वाटतं, पण त्या संध्याकाळी माझी फसगत नेमकी इथेच झाली होती. तासन्‌तास वेगात गाडी चालवली की डोळे त्या वेगाला सरावतात. शंभरावरून साठावर आलं की गाडी रांगतेय असं वाटायला लागतं. आपण शपथेवर सांगू की वेग पन्नासच्या वर नव्हता, आणि काटा साठाच्या पुढे असतो. शरीर खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तसं वाटत असतं. मोठा रस्ता सोडून गावात शिरताना प्रत्येकाने हे अनुभवलेलं आहे, फक्त तिथे समोर दुकानं, माणसं, गतिरोधक येऊन आपल्याला जागं करतात. कामाच्या पट्ट्यात जागं करायला एक फलक असतो आणि एक शंकू.

आणि वाचतं काय? दोन किलोमीटरचा कामाचा पट्टा धरू. ताशी ४० ने तो ओलांडायला तीन मिनिटं लागतात, ८० ने दीड. दीड मिनिटाचा सौदा. उलट ८० ची गाडी ४० वर आणली की तिच्यातली धडकेची ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शाळेत हे सूत्र मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. गुडघे टेकलेल्या माणसाची पाठ समोर दिसेपर्यंत ते कधी कळलं मात्र नव्हतं.

बावटा धरणाऱ्या माणसाबद्दल लिहायलाच हवं. एकेरी वाहतूक चालू असते तिथे, आपली पाळी येईपर्यंत थांबलेलं असताना, मी आता त्यांच्याकडे नीट बघते. कामावर असलेल्या सगळ्यांची पाठ गाड्यांकडे असते. हा एकटाच तोंड गाड्यांकडे करून उभा असतो. बाकीच्यांचे डोळे तो. एक हात बावट्याच्या काठीवर, दुसरा छातीच्या उंचीवर, पंजा खाली करून हवेत हळूच दाबल्यासारखा: सावकाश, सावकाश. हा हात तो दिवसातून हजारदा तरी हलवत असेल. पहिल्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांत तो रोखून बघतो. 'माझ्याकडे बघितलं का?' एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. मी मान हलवते. तेवढ्याने त्याचे खांदे सैल पडतात, हे मी अनेकदा पाहिलंय. काळ्या काचा असलेल्या गाडीपुढे त्याला हे उत्तर मिळत नाही, मग तो एक पाऊल साइडपट्टीकडे सरकून उभा राहतो.

एकेरी वाहतुकीची एक जुनी रीत आहे. या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा दिसत नसेल, तर सोडलेल्या गाड्यांपैकी शेवटच्या गाडीच्या चालकाकडे एक बावटा देतात, आणि तो त्याने दुसऱ्या टोकाच्या माणसाला नेऊन द्यायचा. बावटा पोचला म्हणजे वाट मोकळी झाली. वॉकी-टॉकीच्या काळात याची गरज फारशी उरलेली नाही. पण मला ही रीत फार आवडते. त्या अर्ध्या किलोमीटरपुरता एक अनोळखी चालक त्या कामाचा माणूस होतो.

आपण मात्र बहुतेक वेळा स्वतःला त्या कामाबाहेरचेच समजतो. 'कामगारांच्या सुरक्षेसाठी वेग कमी करा' असं वाचलं की आपण दुसऱ्या कुणावर तरी उपकार करतोय असं वाटतं. अमेरिकेत २०१९ ते २०२२ या काळात दर वर्षी ८०० हून जास्त माणसं कामाच्या पट्ट्यांत दगावली, आणि त्यांतली बहुसंख्य कामगार नव्हती, गाड्यांमधले चालक आणि प्रवासी होते. ती रिकामी जागा, ते शंकू, ते फलक यांची गरज शंकूंच्या अलीकडच्यांना पलीकडच्यांपेक्षा कमी नाही.

अलीकडच्यांचा घात बहुधा रांगेच्या शेपटाशी होतो. पुढे काम, त्याच्या अलीकडे थांबलेल्या गाड्यांची रांग, आणि ही रांग वाढत वाढत कधी कधी पहिल्या सूचनाफलकाच्याही मागे येते. म्हणजे मागून येणाऱ्याला फलक दिसायच्या आधी थांबलेली गाडी दिसते, आणि थांबलेली गाडी ही लांबून चालत असल्यासारखीच दिसते. चढावरून पलीकडे उतरताना किंवा वळणाआड अशी रांग असेल तर विचारायलाच नको. इथे पाठीमागून धडका बसतात. पुढच्याच्या अगदी मागे चिकटून चालणाऱ्याला ही रांग दिसतच नाही, त्याला दिसतो तो पुढच्या गाडीचा पार्श्वभाग. म्हणून अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात मोजायला लागायचं, आणि आपण तिथे तीन सेकंदांच्या आत पोचता कामा नये. कामाच्या पट्ट्यात मी चार धरते.

लेन संपत असताना कधी आत शिरायचं, यावरून भांडणं होतात. दोन्ही बाजू चिडलेल्या असतात, आणि दोघांचंही अर्धं खरं असतं. गाड्या विरळ आणि वेगात असतील तर आधीच, सावकाश, इंडिकेटर देऊन सरकावं. पण वाहतूक तुंबून मुंगीच्या पावलांनी चालली असेल, तर दोन्ही लेन शेवटपर्यंत वापराव्यात आणि जिथे लेन संपते तिथे बॅगेच्या चेनच्या दातांसारखं एक इकडची, एक तिकडची असं मिसळावं. रांगेची लांबी त्याने जवळजवळ निम्मी होते, म्हणजे ते धोक्याचं शेपूटही तेवढं आखूड होतं. जर्मनीत ही पद्धत वाहतुकीच्या नियमांतच लिहिलेली आहे. शेवटपर्यंत येणारा प्रत्येक जण घुसखोर असतो, असं मीही समजत असे. एकाला वाट दिली की आपलं एका गाडीएवढंच अंतर जातं.

अरुंद लेनमध्ये मोठ्या ट्रकच्या बरोबरीने चालू नये. कामासाठी लेन तीन मीटरवर आणलेली असेल आणि ट्रक अडीच मीटरहून थोडा जास्त रुंद असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते. त्या वितीत त्याला गाडी सरळ ठेवायची असते, आणि आपण त्याच्या दाराशी असलो तर त्याला दिसतही नसतो. एक तर मागे राहावं, नाहीतर पट्टा सुरू व्हायच्या आधीच पुढे निघून गेलेलं असावं.

दुचाकीवाल्यांना रस्ता जास्त कळतो, कारण त्यांना तो हातांत जाणवतो. खरवडलेल्या डांबरावर उभ्या रेषा उठलेल्या असतात, चाक त्या रेषांत स्वतःची वाट शोधतं आणि हँडल थरथरतं. अशा वेळी ते घट्ट आवळून धरलं की गाडी जास्त डगमगते. हात सैल, वेग आधीच उतरवलेला, आणि सुट्या खडीवर पुढचा ब्रेक नाही. खड्ड्यावर टाकलेली लोखंडी पत्र्याची झाकणं पाण्याने ओली झाली की साबणासारखी होतात, ती शक्यतो सरळ, न वळता ओलांडावी. आणि नवा थर आणि जुना थर यांच्यामधली ती पायरी. चारचाकीत बसून ती दिसतही नाही, दुचाकीचं चाक मात्र तिला घासून चाललं की आडवं पडतं. तिच्यावरून तिरकं जाऊ नये, जमेल तेवढं काटकोनात चढावं. समोर दुचाकी असेल तर तिला हॉर्न देऊन घाई करू नये. तो माणूस त्या क्षणी दोन बोटं रुंदीच्या वाटेवर सगळं चित्त लावून असतो.

रात्रीबद्दल एकच सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. कामगारांच्या अंगातल्या जाकिटाचा भडक पिवळा किंवा केशरी रंग दिवसा आणि विशेषतः तिन्हीसांजेला लांबून उठून दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातले अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांचा दिसणारा उजेड करतो. सूर्य गेला की ती जादू संपते. मग उरतात त्यावरच्या चंदेरी पट्ट्या. त्या आपल्याच हेडलाइटचा उजेड उलट आपल्याकडेच पाठवतात. म्हणजे आपला दिवा धुळीने माखलेला असेल, काच चिखलाने धुरकट झालेली असेल, तर तो माणूस आपल्यापुरता अंधारातच असतो. आणि कामाच्या जागेचे झगझगीत दिवे ओलांडून आपण पुढे अंधारात शिरतो तेव्हा डोळ्यांना पुन्हा दिसायला लागेपर्यंत वेळ जातो. पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटंही लागतात. नेमक्या त्याच ठिकाणी 'काम संपले' हा फलक असतो आणि सगळे एकदम वेग वाढवतात. मी वाढवत नाही. मागचा डिपर मारतो, मारू दे.

आता परत त्या रिकामेपणाकडे येते, कारण सुट्टीच्या दिवशी तो सगळ्यांना जास्त टोचतो. काम बंद आहे, एकही माणूस नाही, तरी लेन अडवलेली आणि वेगमर्यादा तीच. मी एका मुकादमांना हे विचारलं होतं. त्यांनी मला शंकूंच्या आतल्या काँक्रीटकडे बोट दाखवलं. वरून ते पक्कं दिसत होतं, ओल्या गोणपाटांनी झाकलेलं. काँक्रीट वाळत नाही, ते मुरतं. पाणी आणि सिमेंट यांचं आतल्या आत काम चालू असतं. त्याची ताकद मोजायची ती २८ दिवसांनी, असा सगळीकडचा रिवाज. रस्ता त्याआधी खुला करता येतो, पण त्यापूर्वी त्यावर जड चाक गेलं तर तडा आजच दिसत नाही, पुढच्या पावसात दिसतो. "इथे कुणी नाही असं वाटतं ना," ते म्हणाले, "हे आहे ना कामावर. झोपलेल्या लेकरासारखं आहे, आवाज करू नका." डांबराचंही तेच. ते पसरताना सुमारे दीडशे अंश तापलेलं असतं. रोलर फिरून गेला तरी आतून ते पुरतं निवलेलं नसतं, आणि गाड्या लवकर सोडल्या तर चाकोऱ्या पडतात. शिवाय काम बंद असलं तरी खोदलेली कड तिथेच असते, कठडा नसतो, साइडपट्टी नसते. चुकलो तर सावरायला जागा नाही, म्हणून वेग कमी.

जुन्या पट्ट्यांचंही एक असतं. वळवलेल्या वाहतुकीसाठी नवे पट्टे मारतात आणि जुने खरवडून काढतात, पण खरवडलेल्या खुणा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंवा पावसात नव्यापेक्षा जास्त चमकतात. डोळे सवयीने जुन्या रेषेमागे जातात. अशा वेळी मी रेषा सोडून शंकूंच्या मागे जाते. शंकू त्या दिवशी, त्या सकाळी कुणीतरी वाकून हाताने ठेवलेले असतात.

परवा पुन्हा एका रांगेत सापडले. चढ संपला आणि पलीकडे उतारावर लाल दिव्यांची ओळ. मी वेग आधीच उतरवलेला होता, त्यामुळे पुढच्या गाडीमागे बरंच अंतर ठेवून आरामात थांबता आलं. थांबले तेव्हा रांगेत सगळ्यात मागे मीच होते. चारही इंडिकेटर चालू केले, गाडी गिअरमध्येच ठेवली, चाकं किंचित मोकळ्या बाजूला वळवली आणि आरशात बघत बसले. चढाचा माथा आरशात मधोमध होता. पुढे लांब, शंकूंच्या पलीकडे, तीच रिकामी लेन दिसत होती, आणि तिच्या शेवटी वाकलेल्या पाठी.

माथ्यावर दोन दिवे उगवले. खाली आले. जरा जोरातच येत होते. मी ब्रेकवर दोनदा हलकेच पाय दाबला, म्हणजे माझे लाल दिवे पुन्हा लुकलुकतील. आरशातल्या गाडीचं नाक खाली दबलं, ती हळू झाली, माझ्यामागे चार-पाच गाड्यांचं अंतर सोडून थांबली. क्षणभर काही झालं नाही. मग तिचेही चारही दिवे उघडमीट करायला लागले. तेव्हा मी माझे बंद केले.